लाटा मोजणाऱ्या माणसाला आकड्यांत कसं मोजायचं?

दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास एक बातमी ठरलेली असते: अमुक प्राध्यापकांचा 'जगातील टॉप २ टक्के शास्त्रज्ञां'मध्ये समावेश. हवामानबदलावर टीव्हीवर चर्चा असली तरी तेच. पाहुण्याची ओळख करून देताना निवेदक सांगतो, यांच्या नावावर इतके हजार सायटेशन आहेत, एच-इंडेक्स इतका आहे. आपण मान डोलावतो. आकडा मोठा वाटतो, म्हणजे माणूसही मोठा असणार. मग समोरचा पाहुणा नेमकं उलटं बोलतो आणि त्याच्याही नावावर भरपूर सायटेशन असतात. आता कोणाचं खरं मानायचं?

हा आकडा कशाचा असतो, तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे फसवतो, हे समजून घ्यायला मी एकाच शास्त्रज्ञाचं करिअर घेतो आहे. क्लाउस हासेलमान. समुद्राच्या लाटांपासून सुरुवात करून हवामानशास्त्राकडे आलेला आणि २०२१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारा जर्मन शास्त्रज्ञ. त्यांच्या कामाची यादी आणि सायटेशनची यादी शेजारी ठेवून पाहिली की या मोजमापाच्या बहुतेक सगळ्या खोड्या एकाच जागी दिसतात.

सायटेशन म्हणजे नेमकं काय?

शास्त्रज्ञ आपलं संशोधन लिहून नियतकालिकात छापतात, त्याला पेपर म्हणतात. पेपरच्या शेवटी एक यादी असते: हे काम करताना आम्ही आधीच्या कोणकोणत्या कामांचा संदर्भ घेतला. त्या यादीत तुमच्या पेपरचं नाव आलं की तुमच्या खात्यात एक सायटेशन जमा झालं. दहा पेपरांच्या यादीत आलं, तर दहा. यापलीकडे त्यात काही नाही.

नाव कशासाठी आलं, हे मात्र कोणी मोजत नाही. 'यांची पद्धत आम्ही वापरली', 'यांचा निष्कर्ष आम्हाला पटत नाही' आणि 'या विषयावर बरंच लिहिलं गेलं आहे, ही घ्या पंधरा नावं' या तिन्ही उल्लेखांची किंमत सारखीच, प्रत्येकी एक. तिसरा प्रकार तर फारच बोकाळलेला आहे. पेपरचा पहिला परिच्छेद लिहिताना आधीच्या कोणाच्या तरी पेपरमधली संदर्भयादी उचलायची, मूळ काम उघडूनही पाहायचं नाही, हे सर्रास चालतं.

गंमत अशी की ही मोजणी माणसांना गुण द्यायला सुरू झालीच नव्हती. अमेरिकेतले माहितीतज्ज्ञ यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आणला, तो शोधाशोध सोपी करण्यासाठी. एखादा जुना पेपर हाती आला, तर पुढे कोणी त्याचा वापर केला हे कळावं, म्हणजे संबंधित काम सापडतं. संदर्भ शोधण्याचं ते साधन होतं. नेमणूक, बढती आणि निधी देताना ते गुणपत्रिकेसारखं वापरायची सवय नंतर लागली.

आणि एच-इंडेक्स?

नुसती बेरीज फसवी असते. एखाद्याचा एकच पेपर गाजलेला असू शकतो, तर कोणी शंभर पेपर लिहून ठेवलेले असतात आणि ते कोणी उघडलेलेही नसतात. यावर उपाय म्हणून २००५ साली हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एक सोपी युक्ती काढली. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा आकडे आले ५०, २०, ८, ५, ३, १. पहिल्या चार पेपरांना प्रत्येकी किमान चार सायटेशन आहेत. पाचव्याला किमान पाच हवेत, पण तीनच आहेत. म्हणून एच-इंडेक्स चार.

आता दुसरा शास्त्रज्ञ घ्या: ४०००, ९००, ५, ४. त्याचाही एच-इंडेक्स चारच. एका पेपरवर अख्खं क्षेत्र उभं करणारा माणूस आणि बेताचं काम करणारा माणूस, दोघे इथे एकाच पायरीवर. शिवाय हा आकडा कधीच कमी होत नाही. माणसाने काम थांबवलं तरी जुने पेपर सायटेशन गोळा करतच राहतात. पन्नाशीतल्या शास्त्रज्ञाचा एच-इंडेक्स तिशीतल्या शास्त्रज्ञापेक्षा जास्त असण्यात त्यामुळे नवल काहीच नाही.

आणखी एक. हा आकडा कोणी मोजला, तेही विचारावं लागतं. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या सायटेशन नोंदवणाऱ्या यंत्रणा निवडक प्रकाशनं मोजतात. गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, पुस्तकं, परिषदेतले निबंध असं बरंच काही ओढून आणतो. त्यामुळे एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे असतात आणि गूगल स्कॉलरचा सहसा सर्वांत मोठा. ओळखपत्रावर कोणता छापला जातो, ते सांगायला नको.

हासेलमान: सुरुवात लाटांपासून

हासेलमान यांचा जन्म १९३१ चा, हॅम्बर्गचा. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांचं कुटुंब इंग्लंडला गेलं; मुलगा तिथेच वाढला आणि १९४९ मध्ये हॅम्बर्गला परतला. भौतिकशास्त्र शिकला, १९५७ मध्ये गॉटिंगेनहून डॉक्टरेट घेतली. पहिली नोकरी हॅम्बर्ग विद्यापीठाच्या जहाजबांधणी संस्थेत. हवामानाशी या सगळ्याचा अजून काही संबंध नव्हता.

त्यांचं पहिलं मोठं काम १९६२ चं आहे. खवळलेल्या समुद्रावर लहानमोठ्या, वेगवेगळ्या लांबीच्या असंख्य लाटा एकाच वेळी असतात. तोवरच्या सोप्या गणितात प्रत्येक लाट आपल्या वाटेने जाते, दुसरीशी तिचं देणंघेणं नसतं. हासेलमान यांनी दाखवलं की चार-चार लाटांच्या संचात ऊर्जेची देवाणघेवाण होते आणि त्यातून ऊर्जा एका लांबीच्या लाटांकडून दुसऱ्या लांबीच्या लाटांकडे सरकते. गणित इतकं किचकट होतं की त्या काळच्या संगणकांवर त्याचा रोजच्या अंदाजासाठी उपयोग करणं शक्यच नव्हतं.

पुढची काही वर्षं ते कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत होते. तिथे समुद्रवैज्ञानिक वॉल्टर मंक यांच्या गटाने अंटार्क्टिकाजवळच्या वादळांत उठलेल्या लाटांचा माग अलास्कापर्यंत, जवळजवळ अख्खा पॅसिफिक ओलांडून, काढला. त्या कामाच्या १९६६ च्या पेपरवर हासेलमान यांचंही नाव आहे.

आता सायटेशनच्या दृष्टीने हा काळ पाहा. जहाजं, बेटांवर मांडलेली उपकरणं, महिनोन् महिने नोंदी, मग त्यांची छाननी. दोन-चार वर्षांच्या या खटाटोपातून हाती येणार एखादा पेपर. तेवढ्या काळात प्रयोगशाळेत किंवा संगणकावर काम करणारा सहकारी पाच-सहा पेपर छापून मोकळा झालेला असतो. समुद्रावर जाऊन निरीक्षणं करणाऱ्यांचे आकडे बहुतेक वेळा यामुळे मागे पडतात. हा काही आळस नव्हे.

सर्वाधिक वापरलं गेलेलं काम एका पुरवणीत

१९६८ आणि १९६९ मध्ये हासेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर समुद्रात एक मोठी मोहीम केली. जर्मनीच्या सिल्ट बेटापासून पश्चिमेला १६० किलोमीटरच्या रेषेत उपकरणं लावली. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असताना लाटा जसजशा पुढे जातील तसतशा कशा वाढतात, ते टप्प्याटप्प्यावर मोजलं. या मोहिमेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून झालं 'जॉनस्वॅप'.

निष्कर्ष १९७३ मध्ये छापला. वारा बराच काळ वाहत राहिला की समुद्र 'पूर्ण भरतो', त्यापुढे लाटा वाढत नाहीत, अशी तोवरची समजूत होती. जॉनस्वॅपच्या नोंदींत लाटांचा आलेख, म्हणजे कोणत्या लांबीच्या लाटांत किती ऊर्जा आहे ते दाखवणारी रेषा, बदलतच राहिलेला दिसला, आणि त्यामागे हासेलमान यांनी १९६२ मध्ये मांडलेली लाटांमधली देवाणघेवाणच होती. आलेखाचा आकार सांगणारं एक सूत्रही या कामातून मिळालं.

ते सूत्र अभियंत्यांनी उचललं. समुद्रातला तेलविहिरीचा फलाट किती भक्कम हवा, जहाजाने किती हेलकावे सोसले पाहिजेत, धक्क्याला, पवनचक्कीच्या खांबाला लाटांचा किती मार बसेल, हे काढताना आजही जॉनस्वॅपचा आलेख वापरतात. हजारो पेपरांत त्याचा संदर्भ आहे. हासेलमान यांच्या नावावरचं सर्वाधिक उद्धृत झालेलं काम हेच.

छापलं कुठे होतं? एखाद्या मानाच्या नियतकालिकात नव्हे, तर एका जर्मन जलमापन नियतकालिकाच्या पुरवणी अंकात. आज कोणी तरुण संशोधक आपलं सर्वोत्तम काम अशा ठिकाणी द्यायला निघाला, तर त्याचा मार्गदर्शक त्याला वेड्यात काढेल. पण ज्यांना गरज होती त्यांनी पुरवणी शोधून काढली.

मग नोबेल याच कामाला मिळालं का?

नाही. इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

१९७५ मध्ये हॅम्बर्गला हवामानशास्त्राची माक्स प्लांक संस्था सुरू झाली आणि हासेलमान तिचे पहिले संचालक झाले. पुढच्याच वर्षी 'टेलस' या नियतकालिकात त्यांचा एकट्याचा पेपर आला. प्रश्न साधा होता: हवामान काही वर्षं गरम, काही वर्षं थंड असं का होत राहतं? सूर्य, ज्वालामुखी असं बाहेरचं कारण दर वेळी शोधलंच पाहिजे का?

एक मोठी टाकी डोळ्यांसमोर आणा. येणारा-जाणारा कोणीही तिच्यात कधी बादलीभर पाणी ओततो, कधी काढून नेतो. कशालाच शिस्त नाही. बादल्यांची आवकजावक मिनिटामिनिटाला बदलते, पण पातळी तशी उड्या मारत नाही. ती हळूहळू वर सरकते, कधी बराच काळ वरच राहते, मग हळूहळू उतरते. लांबून फक्त पातळी पाहणाऱ्याला वाटेल, यामागे कोणाची तरी योजना असणार. योजना काही नसते. टाकी मोठी असल्याने बिनशिस्त धक्क्यांची बेरीज होत राहते, इतकंच.

हासेलमान यांच्या मांडणीत रोजचे वारे-वादळं म्हणजे त्या बादल्या आणि समुद्र म्हणजे टाकी. समुद्राची उष्णता साठवण्याची ताकद अफाट आहे: अख्ख्या वातावरणात जेवढी उष्णता मावते, तेवढी समुद्राच्या वरच्या सुमारे तीन मीटर पाण्यात मावते. म्हणून हवेतले क्षणिक धक्के समुद्र साठवतो आणि त्यांतून वर्षानुवर्षांचे संथ चढउतार तयार होतात, तेही बाहेरचं काही कारण नसताना.

हे कळल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो. समुद्र आणि हवा मिळून स्वतःच इतके चढउतार करत असतील, तर आत्ताची तापमानवाढ माणसामुळे आहे हे ओळखायचं कसं? याचं गणिती उत्तर हासेलमान यांनी १९७९ मध्ये मांडलं आणि १९९३ मध्ये आणखी पक्कं केलं. फक्त सरासरी तापमान पाहू नका, बदलाचा नकाशा पाहा. प्रत्येक कारणाचा ठसा वेगळा असतो. सूर्य प्रखर झाला तर वातावरणाचा खालचा थर आणि वरचा थर दोन्ही तापतील. कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालचा थर तापेल आणि वरचा स्थितांबर थंड होईल. मोजमापांत दुसरा ठसा दिसला. १९९५ मध्ये आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या दुसऱ्या अहवालाने जागतिक हवामानावर माणसाचा प्रभाव जाणवण्याजोगा आहे असं पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा ही ठसे ओळखण्याची पद्धत त्यामागच्या पुराव्यात होती. २०२१ च्या अहवालात तर शंकेला जागाच ठेवलेली नाही.

नोबेल समितीने २०२१ मध्ये स्युकुरो मानाबे आणि हासेलमान यांना अर्धं पारितोषिक विभागून दिलं (उरलेलं अर्धं जोर्जो पारिसी यांना), ते हवामानाची प्रारूपं, त्यातले चढउतार मोजणं आणि तापमानवाढीचा विश्वासार्ह अंदाज यासाठी. १९७६ च्या पेपरपासून मोजलं तर ४५ वर्षांनी. हासेलमान तेव्हा ८९ वर्षांचे होते.

आणि तो १९७९ चा पेपर? तो नियतकालिकात नव्हे, एका परिषदेच्या संग्रहात आला होता. अशा संग्रहांची नोंद सायटेशनच्या यंत्रणांमध्ये पूर्वी धड होत नसे. २०१९ मध्ये काही हवामानशास्त्रज्ञांनी या क्षेत्राला वळण देणाऱ्या तीन घटनांची चाळिशी साजरी करणारा लेख लिहिला, त्यात या पेपरला मान मिळाला. जॉनस्वॅपच्या सायटेशनपुढे त्याचा आकडा किरकोळ आहे.

म्हणजे एकाच माणसाच्या खात्यात सर्वाधिक वापरलेलं काम एक, जगाने सर्वांत मोठं मानलेलं काम दुसरं, आणि माणसाचा ठसा ओळखण्याचा पाया घालणारं तिसरंच. एच-इंडेक्सच्या एका आकड्यात हे तिन्ही मिसळून जातं.

"चांगलं काम असेल तर लोक उद्धृत करतीलच की!"

करतात, पण कधी करतील याचा भरवसा नसतो. हेन्री स्टॉमेल यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या वूड्स होल संस्थेतला हा माणूस विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या समुद्रवैज्ञानिकांत गणला जातो. डॉक्टरेट त्यांनी कधी केलीच नाही. गल्फ स्ट्रीमसारखे जोरदार प्रवाह महासागराच्या पश्चिम काठालाच का असतात, हे १९४८ मध्ये त्यांनी पाच पानांत सांगितलं. ते लगेच गाजलं.

१९६१ चा त्यांचा दुसरा पेपर मात्र झोपून राहिला. दोन कप्प्यांचं साधं गणित होतं: एक कप्पा उष्ण खारट पाण्याचा, दुसरा थंड कमी खारट पाण्याचा, मध्ये जोडणी. गणितातून निघालं की अशा व्यवस्थेला दोन स्थिर अवस्था असू शकतात आणि पुरेसा धक्का बसला तर ती एकीतून दुसरीत उलटू शकते. साधारण वीस वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १९८० च्या दशकात अटलांटिकचा मोठा प्रवाह (वरचं उष्ण पाणी उत्तरेकडे नेणारा आणि थंड पाणी खोलातून दक्षिणेकडे परत आणणारा) कोलमडू शकतो का, हा प्रश्न ऐरणीवर आला आणि सगळे स्टॉमेलच्या दोन कप्प्यांकडे धावले. आज 'अटलांटिकचा प्रवाह बंद पडणार?' अशा ज्या बातम्या येतात, त्यांची मुळं त्या पेपरात आहेत.

१९७५ मध्ये कोणी त्या पेपरच्या सायटेशनवरून त्याची लायकी ठरवली असती, तर? नेमणुका आणि निधी तर दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवर ठरतात.

"आणि चुकीच्या कामालाही सायटेशन मिळतात का?"

मिळतात, कधी कधी भरपूर. पण 'चुकीचं' हा शब्द इथे जपून वापरायला हवा. २००५ मध्ये हॅरी ब्रायडन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की अटलांटिकचा तोच प्रवाह १९५७ ते २००४ या काळात सुमारे ३० टक्के मंदावला आहे. जगभर मथळे झाले. पुरावा होता एकाच अक्षांशावर अटलांटिक ओलांडणाऱ्या पाच जहाजफेऱ्यांमधल्या मोजमापांचा, म्हणजे जवळपास अर्धशतकातल्या पाच झलका.

२००४ पासून त्याच अक्षांशाच्या आसपास, आफ्रिकेच्या बाजूपासून बहामापर्यंत, समुद्रतळाला नांगरलेली उपकरणं सतत मोजणी करू लागली. २००७ मध्ये पहिल्या वर्षाचा हिशेब आला: प्रवाह एका वर्षातच सेकंदाला सुमारे ४० लाख घनमीटर ते सुमारे ३ कोटी ५० लाख घनमीटर इतका वरखाली होतो. पाच झलकांमध्ये दिसलेला फरक या नेहमीच्या चढउतारात सहज सामावून जातो. म्हणजे ती ३० टक्के घट खरीच होती का, हे त्या पाच आकड्यांवरून सांगताच येत नाही. दुसऱ्या पेपरच्या लेखकांत ब्रायडन स्वतःही आहेत, हे मला फार आवडतं.

दोन्ही पेपर खूप उद्धृत झाले आहेत. पहिल्याला मिळालेली कित्येक सायटेशन 'पण नंतर असं दिसलं की' या वाक्यातली आहेत. यंत्रणेला ते वाक्य वाचता येत नाही. टीव्हीवरच्या पाहुण्याचा आकडा ऐकून त्याचं म्हणणं खरं मानू नये, त्याचं कारण हेच. दावा कोणत्या पुराव्यावर आहे आणि नंतरच्या मोजमापांत तो टिकला का, ते विचारावं लागतं.

नाव कोणाचं आणि काम कोणाचं

जॉनस्वॅपच्या अहवालावर १६ लेखक आहेत. प्रत्येकाच्या खात्यात हजारो सायटेशन पूर्णच्या पूर्ण जमा होतात, सोळावा हिस्सा नाही. उलट टोकाचं उदाहरणही हासेलमान यांच्याच करिअरमध्ये आहे. १९६२ चं ते किचकट गणित अखेर संगणकावर बसवून लाटांच्या अंदाजाचं 'वॅम' नावाचं प्रारूप तयार झालं. १९८८ च्या त्याच्या पेपरवर लेखक म्हणून गटाचं नाव आहे, व्यक्तीचं नाही. त्या गटाच्या मागे हासेलमान होते, हे क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक. नावांची मोजणी करणाऱ्या यंत्राला कसं कळणार?

हासेलमान हे आडनावही एकट्याचं नाही. त्यांच्या पत्नी सुझान गणितज्ञ. लाटांच्या गणितावरच्या १९८५ च्या महत्त्वाच्या पेपरवर पहिलं नाव त्यांचं आहे. जॉनस्वॅपच्या यादीत आणखी एक डी. ई. हासेलमान आहेत. अशी नावं एकाच खात्यात गेली की आकडा फुगतो, वेगळी पडली की फुटतो. २०१२ पासून संशोधकांना स्वतःचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक घेता येतो, पण जुन्या पेपरांची गुंतागुंत त्याने सुटत नाही.

माहिती गोळा करणाऱ्यांची तर आणखीच पंचाईत. आर्गो प्रकल्पाचे सुमारे चार हजार तरंगते मापक दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोल जाऊन वर येतात, तापमान आणि क्षारता पाठवतात. त्यांवर हजारो पेपर निघतात. मापक बोटीवरून सोडणाऱ्या, आकडे तपासून देणाऱ्या तंत्रज्ञांची नावं त्यांतल्या किती पेपरांवर असतात? फारच थोड्या. मला विचाराल तर समुद्रविज्ञानातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे, एच-इंडेक्सच्या बाकी सगळ्या तक्रारी त्यापुढे लहान.

"स्वतःलाच उद्धृत करून आकडा फुगवतात म्हणे?"

फुगवणारे आहेत. एकमेकांना ठरवून उद्धृत करणारी टोळकीही उघडकीला आली आहेत. पण स्वतःच्या पेपरचा संदर्भ देणं प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. एकच मोजमाप चाळीस वर्षं करणाऱ्याने नव्या पेपरात जुन्या नोंदींचा संदर्भ द्यायचा नाही तर कोणाचा द्यायचा? स्क्रिप्सचे चार्ल्स कीलिंग १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआ इथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत होते. त्या कामात मागचा संदर्भ न देता पुढे जाताच येत नाही.

"मग ती टॉप २ टक्के यादी खोटी का?"

खोटी नाही, बातमीत अर्धवट येते. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून करतात. त्यांनी एच-इंडेक्सवर विसंबून न राहता सहा निकष एकत्र केले आहेत: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांचा हिशेब धरून सुधारलेला एच-इंडेक्स, आणि माणूस एकटा लेखक, पहिला लेखक किंवा शेवटचा लेखक असलेल्या पेपरांची सायटेशन. स्वतःची सायटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे देतात. बराच विचार केलेला आहे.

पण याद्या दोन असतात. एक अख्ख्या करिअरची, दुसरी फक्त एका वर्षातल्या सायटेशनची. बातमीत हा फरक सहसा गायब असतो. २ टक्के हे त्या-त्या उपविषयातले असतात आणि मोजणीत येण्यासाठी किमान पाच पेपर लागतात, हेही सांगितलं जात नाही. पुढच्या वेळी अशी बातमी दिसली तर पहिला प्रश्न हा: यादी करिअरची की वर्षाची?

"आकडे नकोत, तर निवड करायची कशी?"

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एका जागेसाठी दोनशे अर्ज आले, तर दोनशे जणांचे पेपर कोण वाचणार? आणि आकडे काढून टाकले की ओळखीपाळखीला मोकळं रान मिळतं. आकड्यांनी निदान वशिल्याला थोडा लगाम घातला, हे मान्यच करायला हवं.

२०१३ मध्ये 'डोरा' नावाचं एक जाहीरनामापत्र निघालं, त्यावर जगभरातल्या अनेक संस्थांनी सह्या केल्या. नियतकालिकाच्या प्रतिष्ठेवरून माणसाचं मोल ठरवू नका, काम वाचा, असा त्याचा आग्रह. काही ठिकाणी आता अर्जदाराला आपली सर्वांत महत्त्वाची पाचच कामं द्यायला सांगतात आणि प्रत्येकाने काय बदललं ते चार ओळींत लिहायला लावतात. वेळ लागतो, पण दोनशे अर्जांचे वीस झाल्यावर हे करणं अशक्य नाही. पहिल्या चाळणीला आकडा, शेवटच्या निवडीला वाचन, अशी विभागणी मला व्यवहार्य वाटते. अट एकच, पहिल्या चाळणीची भोकं निरीक्षणं करणाऱ्यांना वगळतील इतकी बारीक नसावीत.

पुरस्कारांवर विसंबणं हाही उपाय नाही. समुद्रविज्ञानाला नोबेलच नाही. स्टॉमेल किंवा मंक यांना ते कधी मिळालं नाही. नोबेलच्या कक्षेबाहेरच्या विषयांसाठी असलेला क्रॅफर्ड पुरस्कार स्टॉमेल यांना १९८३ मध्ये आणि मंक यांना २०१० मध्ये मिळाला. हासेलमान यांच्यासाठी दार उघडलं ते भौतिकशास्त्राच्या बाजूने. त्याच हासेलमान यांनी उतारवयात मूलकणांविषयी स्वतःचा एक वेगळाच सिद्धांत मांडला, त्यावर पेपर लिहिले. भौतिकशास्त्रज्ञांनी तिकडे फारसं पाहिलेलं नाही आणि त्या पेपरांची सायटेशन मोजकीच आहेत. तो सिद्धांत बरोबर की चूक, हे ना त्या मोजक्या सायटेशनवरून ठरतं, ना नंतर मिळालेल्या नोबेलवरून.